कॅन्सर मुदतीत झाला नाही, क्षमस्व

प्रति,
माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरची नुकसानभरपाई मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी ६७ वर्षांचा निवृत्त कामगार. मूळ गाव पाटण तालुक्यातलं, नोकरी सगळी मुंबईत. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं उपनगरातल्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक लायनर घासायचं काम केलं. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे खाणीतून निघणारं तंतूंचं खनिज, असायचं. २०२४ साली उजव्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. मंत्र्यांना वेळ नसतो, तेव्हा थोडक्यात लिहा, असं मुलगी म्हणाली. बघतो किती जमतंय.

गेल्या आठवड्यात टपालाने पत्र आलं. भरपाईचा अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत : 'नोकरी संपुष्टात आल्यापासून दोन वर्षांच्या आत व्यवसायजन्य रोगाची लक्षणे आढळून आलेली नाहीत.' खाली गिचमिड सही आणि सहीखाली 'करिता'. कोणाकरिता, ते कळलं नाही. कार्यालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मला परत त्याच खिडकीपुढे उभं राहायचंय.

ही दोन वर्षांची भानगड आपल्याला कोणी समजावून सांगितली असेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगतो. कायदा १९२३ चा, नुकसानभरपाईचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली, पण माझं प्रकरण त्याआधीचं. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि ॲस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर त्या यादीत स्वच्छ छापलेला आहे. अशा कामावर सलग सहा महिने काढलेल्या माणसाला तो रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. सहा महिने! इथवर मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मला चार घास जास्त गेले. मग आलं कलम १०. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा दिसली तो दिवस अपघाताचा दिवस समजायचा, असं तिथे म्हटलंय. दोन वर्षांनंतर दिसली तर काय, ते लिहिलेलं नाही. जिथे कायदा गप्प बसतो तिथे कारकून बोलतो.

आणि हा कॅन्सर यायला किती वर्षं लागतात? वीस ते चाळीस. मला नोकरी सुटल्यावरही पंचवीस लागली. म्हणजे सरकारी हिशेबाने मी २००१ पर्यंत खोकायला लागायला हवं होतं. तेव्हा मी ठणठणीत होतो, पाळीच्या सवयीने पहाटे चारला उठून दूध टाकायचो आणि व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, पैशातून मुलीचं लग्न करायच्या विचारात होतो. चूकच झाली म्हणायची. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, की पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करता येतो. माझं कारण मी अर्जात लिहिलं होतं : तोवर मला कॅन्सर झालेला नव्हता. हे पुरेसं पडलं नाही.

त्याआधी मी दुसऱ्या एका कार्यालयात गेलो होतो. कामावर असताना माझ्या पगारातून कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जायची, वहीही होती. तिथे सांगितलं, आता तुम्ही विमाधारक राहिला नाहीत, दुसऱ्या कायद्याखाली जा. दुसऱ्या कायद्याच्या खिडकीवर सांगितलं, तुम्हाला विमा लागू होता ना, मग राज्य विमा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे इथे मागताच येत नाही, तिकडे जा. असं तिकडून इकडे आणि इकडून तिकडे. तिसऱ्या मजल्यावर चढताना मला प्रत्येक वळणावर बसावं लागतं. लिफ्ट आहे, पण ती साहेबांसाठी.

आता कामाचं सांगतो, कारण अर्जात त्याला जागाच नव्हती. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात अर्धी ओळ मावते. ॲस्बेस्टॉस पोत्यांतून यायचं. पोरं हूक मारून पोती फाडायची आणि मिक्सरमध्ये ओतायची. दिसायला पिंजलेल्या कापसासारखं मऊ. नवीन पोरं ते एकमेकांच्या अंगावर उधळायची. माझं खातं ग्राइंडिंगचं. प्रेसमधून निघालेला लायनर चाकावर धरला की करडी धूळ सुटायची. सकाळी उन्हाची तिरीप आत आली की त्या धुळीत समोरच्या मशीनवरचा माणूस नुसता आकार दिसायचा. धूळ ओढून घेणारा पंखा होता. तो फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या दिवशी चालायचा. मास्क म्हणजे ज्याचा त्याचा रुमाल. पाळी सुटायच्या आधी कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आम्ही एकमेकांचे कपडे झाडून द्यायचो, म्हणजे खाली बसलेली उरलीसुरली धूळही परत हवेत. आणि महिन्याला कंपनीकडून गूळ मिळायचा. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते म्हणे. एकवीस वर्षं आम्ही मालकाचा गूळ खाल्ला, आणि गूळ मिळतो म्हणून युनियनने त्याचे आभारही मानले.

कपडे घरी बायको धुवायची. आधी चाळीच्या गॅलरीत झटकायची, मग मोरीत घासायची. आता तीही खोकते. तिचा एक्स-रे काढलाय, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवू. तिला काही झालंच तर कुठल्या परिशिष्टात शोधायचं? ती तर कोणत्याच कायद्यात कामगार नाही.

वैद्यकीय तपासणीला बोलावलं तेव्हा समोर तीन डॉक्टर. सीटी स्कॅनच्या अहवालात फुप्फुसाच्या आवरणावर कॅल्शियमचे चट्टे आहेत असं लिहिलंय. हे चट्टे ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राहिलेल्या माणसाला येतात, हे मला आधीच्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने दाखवलं होतं. 'काका, तुम्ही काम कुठे करत होता?' हा प्रश्न विचारणारा तो पहिला आणि शेवटचा. तपासणीतल्या साहेबांनी तो विचारला नाही. त्यांनी विचारलं, तंबाखू? मी खरं सांगितलं, खायचो, चुना लावून, मळून. कागदावर पडलं : 'दीर्घकाळ तंबाखूचे व्यसन'. आता चुना लावलेली तंबाखू गालात धरतात, ती फुप्फुसात कशी गेली हे मी विचारलं नाही, कारण तोवर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं होतं. आणि समजा ओढत असतो, तरी काय? अमेरिकेत सेलिकॉफ नावाच्या डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचा अभ्यास केला, त्याला पन्नासएक वर्षं होत आली. नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पाचपट, नुसत्या धूम्रपानाने दहापट, आणि दोन्ही एकत्र असतील तर पन्नासपट, असा हिशेब निघाला. म्हणजे आमच्या खात्यातल्या बिडी ओढणाऱ्याला तर या धुळीने जास्तच मारलं. आपल्याकडे मात्र बिडी दिसली की मालक सुटला. आमचे कितीतरी जण टीबीची औषधं घेत गेले. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते, साहेब.

पुरावा द्या म्हणाले. माझ्याकडे प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप आहे, हजेरीचं कार्ड आहे. त्यावर हुद्दा 'ऑपरेटर'. ऑपरेटर लिफ्टचाही असतो, असं एका साहेबांनी मला ऐकवलं. कारखाना कधीच बंद झाला, तिथे आता टॉवर आहे आणि टॉवरला बाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला ॲस्बेस्टॉसच्याच प्रकरणात निकाल दिला होता, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची. मोठा निकाल. आता माझा हिशेब करा. १९७८ अधिक ४० म्हणजे २०१८. १९९९ अधिक १५ म्हणजे २०१४. नंतरचं २०१८. कॅन्सर कळला २०२४ ला. म्हणजे नोंदी ठेवल्या असत्या तरी मालकाला त्या बिनघोर रद्दीत घालता आल्या असत्या. ठेवल्या होत्या का, हा प्रश्नच वेगळा. आमची छाती कधी कोणी तपासल्याचं मला तरी आठवत नाही.

पैशाचंही ऐकून घ्या. समजा उद्या आपल्या कृपेने अर्ज मंजूर झाला. कायद्यात गुणक आहे. १६ व्या वर्षी कायमचा निकामी झालेल्याला २२८.५४, पासष्टी गाठलेल्याला ९९.३७. जसजसं वय वाढतं तसा माणूस स्वस्त होतो. अपघातात हात तुटला तर हे एक वेळ समजू शकतो; पण जो रोग म्हातारपणीच गाठतो, त्याला हा कोष्टक लावला की मालकाला दर वेळी सर्वांत खालचा भाव मिळणार. माझा शेवटचा पगार ४,८०० रुपये. त्याच्या ६० टक्के २,८८०. गुणिले ९९.३७. झाले २ लाख ८६ हजार १८५ रुपये आणि साठ पैसे. पगार तरी १९९९ चाच धरतील की आता पगार नाही म्हणून शून्य धरतील, देव जाणे. मला डॉक्टरांनी जी नवीन इंजेक्शनं सुचवली होती, त्यातल्या एकेकाची किंमत लाखाच्या वर जाते. ती आम्ही घेतली नाहीत. केमोवर भागवलं.

आणि हे सगळं जुनं, झालं गेलं, असंही नाही. १९८६ पासून केंद्र सरकारने ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे द्यायचं थांबवलं, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही थांबवलं. का, तर आरोग्याला घातक. मग देशात वर्षाला लाखो टन येतं कुठून? रशिया, कझाकस्तानातून, बोटीने. आपल्या मातीतलं घातक आणि परक्या मातीतलं गुणकारी, असा काही शोध लागलाय का? साठहून जास्त देशांनी ते बंद केलं, अमेरिकेनेही २०२४ मध्ये वापरात उरलेला प्रकार टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसने जगात वर्षाला दोन लाखांवर माणसं मरतात. आपल्याकडे किती? आपल्याकडे कोणी मरतच नाही, कारण कोणी मोजत नाही. कारखान्यातला असा रोग आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं. नाही कळवलं तर दंड फार तर हजार रुपये. तेवढ्यात हल्ली एक सीटी स्कॅनही होत नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी होणार, हे टीव्हीवर फार कौतुकाने सांगत होते. चांगलंय. पण धूळ खाऊन जो घरी बसलाय त्याची कोण करणार? रोग घरी येतो, कारखान्यात नाही, एवढी साधी गोष्ट दिल्लीपासून मंत्रालयापर्यंत कोणाला सुचू नये? राजस्थानला सुचली. तिथे २०१९ पासून धोरण आहे. धुळीने फुप्फुस गेलेल्या कामगाराला दाखला मिळाला की ३ लाख आणि पश्चात कुटुंबाला २ लाख, मालक सापडो न सापडो. आम्ही पुरोगामी महाराष्ट्र. आम्ही १ मे ला हुतात्म्यांना फुलं वाहतो, त्यांत कितीतरी कामगारच होते.

माझ्या बायकोला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात. त्याचं मी वाईट बोलणार नाही. गेले वर्षभर माझी खोकल्याची बाटली त्यातूनच येते. पण बहिणीची ओवाळणी वेगळी आणि तिच्या नवऱ्याचे हक्काचे पैसे वेगळे.

मागणं काय ते लिहून टाकतो, नाहीतर वाचणारे म्हणतील म्हातारा नुसताच बोलला. माझा उशीर माफ करून अर्ज परत सुनावणीला घ्यावा, आणि असल्या रोगांत मुदत निदानाच्या तारखेपासून मोजावी असं लेखी परिपत्रक आपल्या खात्याने सगळ्या कार्यालयांना काढावं. जे ॲस्बेस्टॉसचे कारखाने बंद पडले त्यांच्या हजेरीपटांची, प्रॉव्हिडंट फंडाच्या याद्यांची जमवाजमव सरकारनेच करावी. माणसं अजून पत्त्यावर सापडतील, गावी गेलेत एवढंच. त्यांना बोलावून छाती तपासा. बायकांचीही. आणि राजस्थानसारखं धोरण काढा, हवं तर नाव आपलं द्या.

आपला,
एक माजी कामगार, ग्राइंडिंग खातं, पहिली पाळी

ता. क. हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शिक्का मारून मला नामंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडेच पाठवू नये, ही विनंती. तिथे माझी फाइल आहे, तेवढी पुरे.