मंत्रिमहोदय, आमच्या नऊ हार्ड डिस्क परत द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शाळांच्या संगणक कक्षांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याबाबत, आणि आमच्या शाळेतून उचलून नेलेल्या यंत्रांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली १९ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते. शाळेचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला आली तशी नोटीस उद्या मुख्याध्यापकांनाही येऊ शकते, आणि त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली आहेत. आपला वेळ मोलाचा आहे हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र आपण शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

मागच्या मंगळवारी दुसऱ्या तासाला शाळेच्या आवारात टेम्पो आला. ठेकेदाराची दोन पोरं उतरली, त्यांच्या हातात जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती भंगारात काढण्याचा, कागद होता. मी नववीवर होते. खडू हातात घेऊनच संगणक कक्षाकडे पळाले, तोवर चार यंत्रं टेम्पोत चढली होती. मी म्हटलं, बाबांनो, दहा मिनिटं द्या, मुलांचं काम पेन ड्राइव्हवर घेते. त्यातला मोठा म्हणाला, "मॅडम, अजून तीन शाळा करायच्यात." नऊच्या नऊ यंत्रं गेली. त्या पोरांवर माझा राग नाही, ती रोजंदारीवर आहेत. मी दुपारी कार्यालयात फोन करून आवाज चढवला. शुक्रवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली: शासकीय साहित्यात विनापरवानगी बदल केला, तीन दिवसांत खुलासा करावा. खुलासा मी दिला आहे. त्या कागदावर जे मावलं नाही ते आपल्याला लिहिते आहे.

ही यंत्रं २०१३ साली आली. केंद्राच्या आयसीटी, म्हणजे शाळांना संगणक देण्याच्या योजनेतून, पाच वर्षांच्या करारावर. करार संपला त्या महिन्यात संगणक शिकवणारा मुलगाही गेला, कारण तो शाळेचा नव्हता, कंपनीचा होता. खोलीला कुलूप लागलं. २०२२ च्या जूनमध्ये मी ते काढलं तेव्हा बारा यंत्रांवर बोटभर धूळ होती, उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि एका सीपीयूत पाकोळीचं घरटं होतं. आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईत मोबाइल दुरुस्ती करतो. त्याने लॅमिंग्टन रोडवरून जुन्या रॅमच्या पट्ट्या आणल्या. आम्ही दोघांनी पाच रविवार त्या खोलीत काढले. धुळीने मला दम्याचा त्रास सुरू झाला, तो अजून आहे. बारांतली नऊ यंत्रं उठली. एकूण खर्च ११,४०० रुपये. त्यातले ६,००० माझे, बाकीचे पालकांनी दिलेले.

त्यांवर आम्ही लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी यंत्र चालवणारी मुक्त प्रणाली. दोन जीबीची यंत्रं चार जीबीची झाल्यावर विनातक्रार चालायला लागली. इंटरनेट लागत नव्हतं, दरवर्षी परवान्याचे पैसे लागत नव्हते, व्हायरसने दर महिन्याला यंत्र झोपत नव्हतं. लिखाण-हिशेबाला लिब्रेऑफिस, प्रोग्रॅम लिहायला शिकण्यासाठी स्क्रॅच, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीसाठी कॅल्झियम, आकाशासाठी स्टेलॅरियम. मुलांनी यंत्रांना नक्षत्रांची नावं दिली, कॅबिनेटवर खडूने लिहिली. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आठवीने स्टेलॅरियममध्ये मृग शोधला आणि अंधार पडल्यावर शाळेच्या गच्चीवर जाऊन तो खरोखर तिथेच आहे का ते पाहिलं. आमच्या भागात पाऊस नसतो, पण आकाश स्वच्छ असतं. त्याचा अभ्यासासाठी उपयोग झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आणखी एक प्रसंग सांगते. आठवीतली एक मुलगी चित्रांच्या एका प्रोग्रॅममध्ये मराठी पाट्या वाचत होती. तिथे इंग्रजी 'सेव्ह'साठी 'चित्र वाचवा' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "बाई, चित्र बुडतंय का, वाचवायला?" मग विचारलं, हे आपल्याला बदलता येईल का? मी म्हटलं, येईल, हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. भाषांतराची फाईल उघडली. अगदी साधी फाईल असते ती, वर इंग्रजी ओळ आणि खाली मराठी ओळ. तिने 'वाचवा' पुसून 'साठवा' लिहिलं. पडद्यावर तो शब्द दिसला तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिची आई ऊसतोडीला जाते. घरात कुणी संगणकाला हात लावलेला नाही. त्या पोरीने संगणकाची एक चूक दुरुस्त केली होती. पुढच्या चार महिन्यांत तिने तसे चाळीस-एक शब्द बदलले आणि ती फाईल सात नंबरच्या यंत्रावर ठेवली. ती फाईल आता टेम्पोतून कुठे गेली, ते मला कुणी सांगत नाही.

महोदय, 'मुक्त' म्हणजे फुकट नव्हे, हे आपल्या सल्लागारांना कृपा करून सांगा. जे सॉफ्टवेअर वापरता येतं, आतून उघडून पाहता येतं, बदलता येतं आणि दुसऱ्याला देता येतं, ते मुक्त. शाळेच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट फार मोठी आहे. माझा विद्यार्थी ते पेन ड्राइव्हवर घालून घरी नेऊ शकतो, चुलत्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाकू शकतो, आणि त्यात चोरी नसते. नाहीतर आपल्या शाळांत काय चालतं? चोरीच्या प्रती. मूल्यशिक्षणाच्या तासाला खरेपणा शिकवायचा आणि पुढच्या तासाला संगणक कक्षात चोरीचं सॉफ्टवेअर उघडायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एक वरिष्ठ अधिकारी शाळेत आले होते. अर्धा तास मुलांमध्ये बसले. शेरेबुकात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "अनुकरणीय उपक्रम. इतर शाळांत राबवावा." जाताना म्हणाले, "बाई, ही यंत्रं कुणी हलवणार नाही, माझा शब्द. तालुक्याच्या कार्यशाळेत तुम्हीच हे सादर करा." कार्यशाळा झाली नाही. त्यांची बदली झाली. शब्दही बदलीवर गेला. शेरेबुक शाळेत आहे, हवं तर त्याची प्रत पाठवते.

नवी दहा यंत्रं आली आहेत, ती सुंदर आहेत. त्यांवर विंडोज आहे आणि ठेकेदाराचं शिकवण्याचं पॅकेज. ते इंटरनेट नसेल तर उघडत नाही, आणि आमच्याकडे रेंज गच्चीवर येते. ॲडमिनचा, म्हणजे यंत्रात काहीही बदलायला लागणारा, पासवर्ड ठेकेदाराकडे आहे. परवाना एका वर्षाचा. पाट्या सगळ्या इंग्रजीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत रांगोळ्या काढल्या होत्या, आणि वर्षभराने मराठी माध्यमाच्या मुलांसमोर असा पडदा ठेवला जातो, ज्यावर मराठीचं एक अक्षर नाही आणि मुलांना ते आणताही येत नाही. जुनी यंत्रं का काढली, असं विचारलं तर उत्तर मिळालं की विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि या यंत्रांवर पुढची आवृत्ती चालत नाही. अहो, पण त्या यंत्रांवर विंडोज नव्हतंच! कुणी खोलीत येऊन पाहिलंसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका शाळेचं ठीक आहे, राज्यात हे कसं जमायचं? केरळने जमवलं आहे. तिथे २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं, काही वर्षांत शाळा लिनक्सवर गेल्या. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा मुक्त सॉफ्टवेअरवर होते. २०१७ मध्ये त्याच प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली, ती शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, मल्याळममध्ये. ४५,००० वर्गखोल्या हायटेक केल्या. 'लिटिल काइट्स' नावाची मुलांची मंडळं आहेत, शाळेतली यंत्रं सांभाळायला तीच मुलं मदत करतात. मुक्त सॉफ्टवेअरमुळे ३,००० कोटी वाचले, असं काइटने २०१९ साली सांगितलं होतं. आपल्याकडे लाखाच्या वर शाळा आहेत. शाळेमागे १० यंत्रं आणि यंत्रामागे परवान्याचे ५,००० रुपये धरले तर १ लाख शाळांचे ५०० कोटी होतात. माझा हिशेब चुकत असेल तर खरा आकडा तुम्ही जाहीर करा. आमच्या शाळेच्या चलनावर किमतीचा रकाना कोरा आहे.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. केंद्राच्या २०१२ च्या शालेय आयसीटी धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण काढलं: निविदेत मुक्त पर्यायाचा विचार व्हायलाच हवा, आणि तो डावलला तर कारण द्यायला हवं. ते राज्यांवर बंधनकारक नाही, राज्यांनी स्वीकारायचं आहे. मग स्वीकारा. सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलं आहे, सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल या ध्वनिचित्र धड्यांमध्ये लिब्रेऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात, मी स्वतः त्यांवरूनच शिकले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम झालं. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेतली मुलं मुक्त सॉफ्टवेअरच्या लॅपटॉपवर शिकत होती. सगळं महाराष्ट्रात आहे. फक्त निविदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर नाही.

बंद सॉफ्टवेअरने माझं काय केलं तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या आठ वर्षांतल्या माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका आणि टाचणं एका जुन्या मराठी फाँटच्या पॅकेजमध्ये टाइप केलेली आहेत. ते उघडायला डोंगल, म्हणजे यंत्राला जोडायची किल्लीसारखी छोटी डबी, लागायचा. डोंगल हरवला, पॅकेज नव्या यंत्रावर चढत नाही, आणि ती फाईल आज उघडली की टिंबं, रेघा आणि कंसांचा ढीग दिसतो. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसून केलेलं काम होतं ते, माझा धाकटा तेव्हा मांडीवर असायचा. माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही. तेव्हापासून मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, लिहिते आणि खुल्या फाईलमध्येच ठेवते. हाच अनुभव मुलांना येऊ नये म्हणून मी धुळीत बसले होते.

पण शिक्षकाने काही स्वतःहून करावं, असं या व्यवस्थेला वाटतच नाही. आम्ही काय करायचं? जनगणना, मतदार याद्या, सर्वेक्षणं, आणि रोज कुठल्या तरी पोर्टलवर माहिती भरायची. तीच माहिती तीन ठिकाणी, तीन पासवर्ड घालून. आधार जुळत नाही म्हणून मूल यादीतून गळतं आणि त्याचा जाब आम्हाला विचारतात. पोषण आहाराचे आकडे दुपारी भरायचे, फोटो संध्याकाळी टाकायचे. उरलेल्या वेळात शिकवायचं. शाळेला खिडक्यांच्या काचा हव्या होत्या, दोन वर्षं अर्ज पडून आहे. न मागितलेला टीव्ही मात्र आला. काय हवं ते शाळेला विचारायचं नाही, काय विकायचं ते ठेकेदाराला विचारायचं. खरेदी झाली की उद्घाटन, फोटो, आणि पाच वर्षांनी पुन्हा कुलूप. मध्ये शिकणारं मूल कुठे असतं, मंत्रिमहोदय? पटसंख्या कमी झाली की शाळा बंद करायचं पत्र वेळेवर येतं. बाकी एकही पत्र वेळेवर आलेलं मी १९ वर्षांत पाहिलं नाही.

मला बक्षीस नको आहे, आदर्श शिक्षक पुरस्कारही नको. नोटीस मागे घेतली नाही तरी चालेल, मी काय केलं ते मी लेखी मान्य केलं आहे. यापुढच्या प्रत्येक निविदेत मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय तपासल्याची नोंद असावी आणि यंत्राचा पासवर्ड शाळेच्या मुख्याध्यापकांकडे असावा, एवढा एक शासन निर्णय काढा. त्याला पैसा लागत नाही.

आणि ती यंत्रं अजून कुठल्या गोदामात असतील तर त्यांच्या हार्ड डिस्क आम्हाला परत द्या. यंत्रं भंगारात घातलीत तरी चालतील. शाळेच्या सामानाची नोंद असलेल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ती अनुक्रमांक ३१ ते ३९ वर आहेत. नऊही मिळणार नसतील तर निदान सात नंबरची द्या. ती ओळखायला सोपी आहे, कॅबिनेटच्या डाव्या बाजूला खडूने 'मृग' लिहिलेलं आहे. पुसलं गेलं असेल तर आतली जुनी रॅमची पट्टी निळ्या रंगाची आहे.

आपली,
एक गणित-विज्ञान शिक्षिका