वाढत्या अंगाचा

प्रिय ठमे,

चार महिने पत्र नाही. कारणं देत बसत नाही, माझी सगळी कारणं तुला पाठ आहेत. इकडे सगळे बरे. गुडघा कुरकुरतो, तो कुरकुरणारच.

आज लिहायला बसले कारण आज मी दुकानात ओरडले. साधं नाही, आईच्या आवाजात. तो आवाज तुला माहीत आहे.

लेकीचा युनिफॉर्म. खिशावर शाळेचा बिल्ला भरलेला, म्हणजे दुकान एकच, आणि त्या दुकानाला ते पक्कं ठाऊक. शर्टावर ३० लिहिलंय ती छाती, स्कर्टवर ३० लिहिलंय ती लांबी. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि विचारलं की वैतागतात. काउंटरवरचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, वाढत्या अंगाचा घ्या ना, सगळे घेतात." मला तिथेच हसू फुटलं. आठवतो ना माझा तो स्कर्ट, ज्यात आपण दोघी मावलो असतो? (तू जरा घट्टच मावली असतीस, पण ते जाऊ दे.)

तर घेतला वाढत्या अंगाचा. पहिल्या धुण्यात शर्ट असा आटला की वाढतं अंग राहिलं बाजूला, आहे ते अंगही मावेना. विणताना ताणलेले धागे पाण्यात पडले की मूळ जागी येतात, म्हणून बेतण्याआधी कापड भिजवा, हे शिवणाच्या बाईंनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. इथे कोणी भिजवलेलं दिसत नाही. परत घेऊन गेले. "धुतलेला माल बदलून मिळत नाही." अरे, पण न धुता आटेल कसा? "नियम आहे ताई."

मग फोन. तीनदा केला. तिन्ही वेळा पहिल्यापासून रामायण सांगितलं, तिन्ही वेळा तक्रारीचा नवा नंबर मिळाला. मधल्या वेळात तीच ती धून, आणि आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी एक शर्ट आला. माप बरोबर, निळा वेगळा. रंगाचा लॉट बदललाय म्हणे, एक-दोन धुण्यांत सारखा होईल. धुतला की बदलून मिळणार नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून आज पुन्हा गेले आणि ओरडले. त्या पोरावर, ज्याने नियम केला नाही की कापड विणलं नाही. मालक आत काचेमागे बसलेले, त्यांनी डोकंसुद्धा वर केलं नाही. आणि लेक माझी बाही ओढत हळूच म्हणाली, "आई, आधीचा आखूडच राहू दे. वर्गात हात वर केला नाही तर दिसत नाही."

ठमे, माझे पायच गळाले. उत्तर येत असून हात खाली ठेवणारी मुलगी म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. घरी येऊन आखूड शर्टाचा घेर उसवला. आत दुमडलेलं कापड जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आपल्या आया दोन-दोन इंच सोडायच्या आणि आपण त्यांना चिक्कू म्हणायचो.

त्या मुलाची माफी मागावीशी वाटते. पण मागितली तर शर्टाचं भांडण कच्चं पडेल, असंही वाटतं. हसू नकोस.

तुझी बदली झाली का? सासूबाईंच्या डोळ्याचं काय झालं? दोन ओळी तरी खरड.

आणि एक. मला रांगेबाहेर काढलं त्या दिवशी तू शेजारी येऊन उभी राहिलीस, ते टाय खरंच घरी विसरलीस म्हणून की मुद्दाम दप्तरात कोंबून? माझ्या लग्नात एक सांगितलंस, तुझ्या लग्नात दुसरं. आता खरं काय ते लिही.

तुझी,
फुगा