पिछाडी सांभाळ

प्रिय समीर,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर म्हणालास, "मम्मी, रविवारी उपासनेत बसलो की वाटतं, आता त्या बेटिंगला हात लावणार नाही. आणि बुधवारी रात्री शिफ्टवरून आलो की..." पुढचं तू बोलला नाहीस, मीही खोदून विचारलं नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात बायबलमधले अमालेकी घोळतायत, इस्राएल लोकांचे ते शत्रू.

त्यांच्याशी झालेली रफीदीमची लढाई संडे स्कूलमध्ये शिकलायस. टेकडी, इस्राएलचा पुढारी मोशे, त्याची काठी, वर धरलेले हात, खाली लढणारा यहोशवा. निर्गम पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात एवढंच आहे. अमालेकी आले कसे, हे मात्र अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात मोशे सांगतो. इस्राएल लोक थकूनभागून चालले होते. चालवेना म्हणून जे मागे पडले, त्या दुबळ्यांनाच शत्रूने पिछाडीला गाठून कापलं.

तुझी रविवारची आघाडी भक्कम आहे रे. गीतं पाठ, बायबल उघडलेलं, शेजारी मंडळी. पिछाडी म्हणजे बुधवारची रात्र. पोटात धड काही नाही, रूमवर कोणी नाही, डोळे तारवटलेले, हातात फोन. कायद्याने 2025 साली पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तरी टेलिग्रामवर लिंका येतातच म्हणालास. येणारच. त्या तुला दुपारी बारा वाजता का सतावत नाहीत, याचा विचार कर.

पप्पांचं म्हणणं, प्रार्थना वाढव. करच प्रार्थना. पण टेकडीवर मोशे दुसरं काय करत होता? त्याचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला विश्वासावर भाषण दिलं नाही. बसायला धोंडा आणून ठेवला आणि दोघांनी दोन बाजूंनी हात धरले, ते सूर्य मावळेपर्यंत. मला हा धोंडा फार आवडतो. देवाचा एवढा मोठा सेवक, आणि भर लढाईत खाली बसला!

एक सांगते. पुढे शौल राजाच्या वेळी अमालेक्यांची बायकापोरंही मारायची आज्ञा आहे, ते वाचताना माझ्या पोटात आजही गोळा येतो. त्याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. आपल्यापुरतं इफिसकरांस पत्रातलं पौलाचं म्हणणं धरायचं, की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणून लिंक पाठवणाऱ्या त्या मित्राशी भांडू नकोस. ब्लॉक कर नि सोड.

आता गेलेल्या पैशांचं. दावीद माणसांना घेऊन बाहेर होता, तेव्हा याच अमालेक्यांनी त्याचं सिकलाग गाव जाळलं, बायकामुलं पळवली. दावीद परतला आणि रडायलाही त्राण उरेना इतका रडला. त्याचीच माणसं त्याला धोंडमार करायला निघाली होती. मग त्याने देवाला विचारलं, "पाठलाग करू का?" आणि निघाला. 600 जणांतले 200 इतके दमले होते की बसोर ओढ्यापाशीच थांबले. लढून आलेल्यांपैकी काही जण म्हणाले, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीदाने ऐकलं नाही. सामान राखणाऱ्याला आणि लढणाऱ्याला सारखाच वाटा, असा नियमच घालून दिला. थकणं हा गुन्हा नाही, समीर. मंडळीत कोणी तसं म्हणालं तरी मानू नकोस.

तर असं कर. पगार झाला की घरखर्चापुरते ठेव आणि बाकीचे माझ्या खात्यावर टाक. मी हिशेब विचारणार नाही. बुधवारी रूमवर पोचलास की आधी जेव आणि फोन रूममेटच्या चार्जरला लाव. त्याला कारण सांगून ठेव, एवढा भरवसा त्याच्यावर टाकायला हरकत नाही. आणि बुधवारची पाळी बदलून मिळते का, हे मॅनेजरला याच आठवड्यात विचार. काय म्हणतो ते कळव.

तुझी,
मम्मी