शॅकल तुटला नाही, गाठ सुटली

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष सॉफ्ट शॅकल आणि त्यावर मिळालेले उत्तर

महोदय,

तुमच्याकडून घेतलेल्या 5 मिमी डायनीमाच्या (मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराच्या) चार सॉफ्ट शॅकलपैकी, म्हणजे फास टोकाच्या गाठीमागे अडकवून बंद होणाऱ्या दोराच्या कड्यांपैकी, एक शिडाच्या होडीवर तिसऱ्याच फेरीत सुटला. जिबला (पुढच्या शिडाला) शीट, म्हणजे शीड ओढायचा दोर, अडकवायला तो लावला होता. टॅक घेताना, म्हणजे होडी वाऱ्यातून वळवताना, शीड फडफडलं, शॅकल निघाला आणि जिब मोकळं सुटलं. वारा बेताचा होता म्हणून निभावलं.

पहिल्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं, ‘उन्हाने दोर कमकुवत झाला असावा.’ तीन फेऱ्यांत? दोर जसाच्या तसा आहे, कुठेही लव फुटलेली नाही. फास गाठीमागे घट्ट ओढल्याचं मी निघतानाच पाहिलं होतं. उकलली ती टोकाची डायमंड गाठ.

मग उरलेले तीन तपासले. गाठ अंगठ्याने दाबली की पेड सरकतात. डायनीमा इतका गुळगुळीत असतो, की गाठ हाताने ओढून बसत नाही. तिला आधी जबर ताण द्यावा लागतो. मी स्वतः करतो तेव्हा कप्प्या लावून ताणतो, तेव्हा कुठे ती गोटीसारखी कडक होते. शिवाय गाठीबाहेर 50 मिमी शेपट्या राखतो, कारण पहिल्या काही भारांत त्या थोड्या आत ओढल्या जातातच. तुमच्या शेपट्या जेमतेम 6 मिमी! टोकं लायटरने वितळवून गुंडी केली आहे. दिसते सुबक, पण ती गुंडी गाठ धरून ठेवत नाही. हा धागा 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. गाठीला खेटून ज्योत नेल्यामुळे एका शॅकलमध्ये गाठीतलाच पेड काचेसारखा ताठ झाला आहे.

(तयार शॅकल घेतले ते केवळ आळसाने. डायमंड गाठीत माझा एक पेड दर वेळी चुकीच्या बाजूने जातो.)

सोबतच्या कार्डावर गोड्या पाण्याने धुवा, धारदार कडांपासून जपा, एवढंच आहे. पहिल्या वापरानंतर गाठ आणि शेपट्या पाहा, हे कुठेच नाही. ते छापा.

चारही शॅकलचे पैसे परत करावेत. त्याच मालातले बदली शॅकल नकोत. सुटलेला शॅकल जपून ठेवला आहे, तपासायला हवा असल्यास पाठवतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपला,
एक ग्राहक