अडुसष्ट गुणांची गोष्ट

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांबद्दल आपण बोलतो ते फी, व्हिसा आणि कर्जाच्या हप्त्यांबद्दल. माझी मुलगी ब्रिटनमध्ये एमएस्सी करते. पहिल्या निबंधाला शंभरपैकी ६८ मिळाले, ते तिने तीन आठवडे आम्हाला सांगितलेच नाही. सांगितले तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "बाकीचे बत्तीस कुठे गेले?" दहावीपासूनची सवय, दुसरे काय! तिकडे ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन, हे मला नंतर कळले. तिला ठाऊक होते. तरी हिवाळाभर रात्री दोनपर्यंत तोच परिच्छेद खोडून पुन्हा लिहायची. इथे तेव्हा सकाळचे साडेसात. डबे भरताना ती व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन दिसे आणि मला वाटे, पोरगी लवकर उठायला लागली.

थॉमस करन व अँड्र्यू हिल या संशोधकांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची अचूकपणाच्या आग्रहाबद्दलची माहिती तपासली. 'इतरांना माझ्याकडून अचूकपणाच हवा' ही भावना सर्वाधिक वाढलेली आढळली. आमच्या घरातली 'इतर' म्हणजे मीच.

परदेशी शिक्षणाचे सल्लागार निघण्यापूर्वीच्या बैठकीत बॅगेचे वजन आणि फॉरेक्स कार्ड तासभर समजावतात. त्यातली पंधरा मिनिटे तिथली गुणपद्धत आणि विद्यापीठातले समुपदेशन यांना द्यावीत. तीही पालकांना समोर बसवून.

– एक आई, मुलुंड (पूर्व), मुंबई