नायिकेला अडवते कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलींच्या क्रीडा-ॲनिमेवर (खेळांवरच्या जपानी ॲनिमेशन मालिकांवर) बोलताना बरेच चाहते 'पूर्वीच्या नायिका रडूबाई, आताच्या खंबीर' असा हिशेब मांडून मोकळे होतात. हा हिशेब फसवा आहे. अश्रू मोजण्यापेक्षा तिच्या खेळाच्या आड काय येते ते पाहावे.

'अटॅक नंबर वन' (१९६९ ते १९७१, १०४ भाग) या मालिकेचे मूळ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांचा व्हॉलीबॉल तिथे प्रथमच आला आणि जपानने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण जिंकले. त्या संघातल्या बहुतेक जणी एका सूतगिरणीच्या. दिवसा कचेरीत काम आणि मग रात्री उशिरापर्यंत प्रशिक्षक दाइमात्सु यांचा सराव. झेप घेऊन चेंडू उचलायचा, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि त्याच झोकात उभे राहायचे, हे त्यांचे तंत्र. लोळल्यामुळे पडण्याचा मार अंगभर वाटला जातो आणि पुढच्या चेंडूला पाय मोकळे मिळतात. मालिकेतला छळवादी वाटणारा सराव म्हणजे निव्वळ अतिशयोक्ती नव्हे. कर्णधार कासाई मासाए तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. पुढे त्यांच्यासाठी स्थळ खुद्द पंतप्रधान सातो यांनी सुचवले. खेळाच्या आड लग्नाचे वय होते, हे वेगळे सांगायला नको.

'यावारा!' (१९८९ ते १९९२) मध्ये गंमत उलटी आहे. आजोबांना नातीचे ज्युदोतले ऑलिंपिक सुवर्ण हवे, नातीला चारचौघींसारखे जगणे. मूळ चित्रकथा १९८६ ची. महिलांचा ज्युदो १९८८ मध्ये सोलला केवळ प्रदर्शनीय होता, पदकांचा खेळ झाला तो १९९२ च्या बार्सिलोनात. म्हणजे कथा नियमांच्या पुढे धावत होती. 'यावारा-चान' हे नायिकेवरून टोपणनाव मिळालेल्या खऱ्याखुऱ्या ज्युदोपटू तामुरा र्‍योको यांनी २००० मध्ये सुवर्ण जिंकले, लग्नानंतर तानी या आडनावाने २००४ मध्ये पुन्हा, आणि आई झाल्यावर २००८ मध्ये कांस्य. हा पल्ला मालिकेलाही सुचला नव्हता.

'फेअरवेल, माय डिअर क्रेमर' या फुटबॉलच्या मालिकेची पूर्वकथा सांगणाऱ्या 'फर्स्ट टच' चित्रपटात (२०२१) अडसर शरीराचा. शाळेत मुलांच्या संघासोबत सराव करणाऱ्या नोझोमीला प्रशिक्षक अधिकृत सामन्यात उतरवत नाहीत, कारण दुखापतीची भीती. हा प्रश्न खोटा नाही. व्हॉलीबॉलची जाळी महिलांसाठी २.४३ मीटरवरून २.२४ वर येते. फुटबॉलचा गोल मात्र दोघांना तेवढाच, ७.३२ बाय २.४४. दुर्दैवाने मालिकेची चित्रे ऐन सामन्यातच अडखळतात.

त्या बाबतीत बॅडमिंटनची 'हानेबादो!' (२०१८) सरस. आवाज बंद करून पाहिले तरी गुण कसा मिळाला ते कळते. मुलींच्या कुठल्याही क्रीडामालिकेला ही परीक्षा लावावी: कॅमेरा पायांच्या हालचालीवर आहे की अंगावर, ते दोन मिनिटांत उघडे पडते. नायिका आयानो डावखुरी आहे. शटलची पिसे एकाच दिशेने एकमेकांवर चढवलेली असल्याने ते ठरावीक बाजूलाच गरगरते. म्हणून डावऱ्या हाताने कापलेला फटका वेगळा पडतो. मात्र चाहते चिडले ते तिच्या उद्धटपणावर. तोच उद्धटपणा मुलांच्या मालिकेत असता तर त्याला 'जिद्द' म्हटले गेले असते.

'मेडलिस्ट'मध्ये (२०२५) अकरा वर्षांच्या इनोरीच्या आड येते ते वय. फिगर स्केटिंग सुरू करायला ती उशिरा आली आहे, आणि थोरल्या बहिणीची दुखापत पाहिलेली आई धास्तावलेली. प्रशिक्षक पुरुषच, पण दाइमात्सुंसारखा हुकूम सोडणारा नाही; तो मुलीला विचारतो.

आपल्याकडे २०१२ मध्ये 'कलर्स'वर जपानी बेसबॉल मालिकेवरून 'सूरज : द रायझिंग स्टार' आली, क्रिकेटची, नायक मुलगा. भारतीय महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यावर कुणी अशा क्रिकेट-मालिकेला पुन्हा हात घातलाच, तर एवढे करावे: चेंडू महिलांचा, १४० ते १५१ ग्रॅमचा धरावा. तो पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका आणि लहान असतो. हातातून सुटल्यापासून तो कसा जातो हे त्याच मापाने रेखाटावे.

– एक वाचक, पुणे