खाला, हे पत्र नातीकडून वाचून घ्या

खाला, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून आधीच सांगितलं. चारचौघांत लिहितेय, कारण भायखळ्याच्या फुटपाथची गोष्ट निघाली की झोपडपट्टीवाल्यांचे पुढारी जॉकिन अर्पुथमभाईंचं नाव येतं, त्यांचा २००० सालचा मॅगसेसे पुरस्कार येतो, ‘स्पार्क’ संस्था येते. त्यात खोटं काहीच नाही. पण रोज दारोदार (दार कसलं, गोणपाटाचा पडदा!) फिरून बचतीचे रुपया-दोन रुपये गोळा कोण करत होतं, ते कुणी सांगत नाही.

१९८१च्या पावसाळ्यात सरकारने फुटपाथवरची माणसं बसमध्ये कोंबून मुंबईबाहेर नेऊन सोडली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. १० जुलै १९८५ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. त्याच निकालात, पावसाळा सरल्यावर झोपड्या हटवायला पालिकेला मोकळीकही मिळाली. पहिलं वाक्य कायद्याच्या पुस्तकांत गाजलं. फुटपाथच्या वाट्याला दुसरं आलं.

तेव्हा पालिकेच्या दवाखान्यामागच्या गॅरेजात बसणाऱ्या ‘स्पार्क’च्या पोरींबरोबर फुटपाथवरच्या घरांची मोजणी झाली. हजारो कुटुंबं निघाली, आणि बहुतेकांचं काम चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही तिथे का राहतो, याचं उत्तर त्यातच होतं. मग १९८६मध्ये तुमची ‘महिला मिलन’, फुटपाथवरच्या बायकांची बचतीची संघटना, उभी राहिली.

तुमचा हिशोब मला अजून भारी वाटतो. अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे, नोटेगणिक वेगळा रंग. माझ्या आईच्या दवाखान्याचा खर्च त्याच बचतीतून झाला. सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही. आणि पैसे देताना तुम्ही एकही टोमणा मारला नाहीत, हे आई अजून सांगते.

पोलीस चौकीत, रेशन ऑफिसात एकटीने जायचं नाही, दहा-पंधराजणींनी जायचं, हेही तुमचंच. पालिकेची गाडी येणार कळलं की आपलं झोपडं आपणच उतरवायचं, म्हणजे भांडी आणि बांबू जप्त होत नाहीत. लहानपणी मला हे हार मानणं वाटायचं. गाडी रिकामी परत जाताना पाहिली आणि हिशोब कळला.

साड्यांनी खोली मापून तुम्ही घराचा नमुना उभा केलात: चौदा फूट उंची, आत पोटमाळा. मानखुर्दच्या मिलननगरात फुटपाथवरच्या बायकांना पक्की घरं मिळाली, पण त्याला कैक वर्षं गेली. मानखुर्दहून भायखळ्याची धुण्याभांड्याची कामं सुटली, कित्येकींची नावं यादीतच आली नाहीत. हे तुम्हीच म्हणायचात, म्हणून तेही लिहिते.

आमच्या सोसायटीतल्या नव्या सुनांना बचत म्हणजे मोबाइलमधलं ॲप वाटतं. एकदा येऊन त्यांना तुमचं दारोदार फिरणं सांगा. रविवारी या, जेवायलाच. आई बोंबील करणार आहे.

तुमची,
फुटपाथवरची पोरगी